दुधातली पावडर

शेखरला ताप आला आणि मी त्याला तडक दवाखान्यात नेलं. एरवी माझा नवरा नुसता शिंकला तरी मी घर डोक्यावर घेते. त्याच्या आईनं, माझ्या सासूबाई सखुबाईंनी, स्वतःची किडनी देऊन त्याला वाचवलं होतं. ती टिकावी म्हणून रोज गोळ्या देऊन त्याच्या पांढऱ्या पेशींना झोपवून ठेवायचं. त्या जाग्या झाल्या, की आईची किडनी परकी समजून तिच्यावरच तुटून पडणार. आणि त्या झोपलेल्या असताना साधा जंतूही महागात पडणार, म्हणून मी त्याच्या ताटातली कोथिंबीरसुद्धा पुन्हा पुन्हा धुवायचे. सासूबाई हसायच्या, "दुधानं तोंड पोळलंय हिचं, ताक बी फुकून पिती."

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मला ते लक्षण बरं दिसेना.

"शरीर किडनी नाकारतंय. गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही."

"वेगळं काही घेतलं? काढा, पावडर?"

मी नाही म्हणणार, तोच शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पिशवीतून एक डबा काढला. मखमलाबादहून झेंडू घेऊन त्या बाजारात येतात, तिथल्या एका दुकानदारानं दिलेला.

"दुधातून देत व्हते. पोरगं लय सुकलं व्हतं. परतिकारशक्ती वाढती म्हनला."

डॉक्टरीणबाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "यात यीस्ट आहे. पाव फुगवतात ना, ते. म्हणजे त्याचं नुसतं कवच, मेलेलं. पण आपल्या पेशी ते कवच ओळखतात. बुरशी घुसली असं वाटून खडबडून उठतात. यानंच झालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण किडनी बदललेल्या माणसाला हे द्यायचं नसतं."

"आई, मला विचारायचं तरी!" मी ओरडलेच. राग आला होता, पण खरं तर ती भीतीच होती.

"औषधं सुरू करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी वाचेलच असं आज सांगता येणार नाही."

सासूबाई डब्याचं झाकण लावत होत्या. ते काही केल्या बसेना. शेवटी डबा तसाच ठेवून त्यांनी पदर बाजूला केला आणि टाक्यांची खूण नसलेल्या कुशीवर हात ठेवला.

"ही बाजू अजून शाबूत हाय. ही घ्या."

"आजी, तुम्हाला एक तरी लागेल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला कशाला?"

मी उठून सासूबाईंचा पदर सारखा केला.