मैनाची टाच

“दाजी, आधी हात लावून सांगा. मोतरा हाय का हड्डा?”

रेवणसिद्धानं निखाऱ्यात खुपसलेली सळई फिरवली. तिचं टोक पिकल्या मिरचीसारखं लाल होत आलं होतं. अंगणात लिंबाखाली मैना घोडी उभी होती, मागचा उजवा पाय टेकल्यासारखा करून न टेकलेला. पायाचा जो सांधा कोयत्यासारखा मागं वळतो, त्याच्या आतल्या अंगाला सूज होती.

“मोतराच हाय,” गुंडप्पा म्हणाला.

“दाबून बघितलं?”

“डोळ्यानं दिसून राहिलंय की. दाबायचं काय त्यात?”

मोतरा म्हणजे सांध्यात पाणी भरून आलेली सूज. अंगठ्याखाली लोण्यासारखी दबते, जनावराला विसावा मिळाला की ओसरते. हड्डा म्हणजे हाडच वाढून आलेलं; घोडी टांग्यातून उठलीच म्हणून समजायचं. दोहोंतलं अंतर अंगठ्याच्या एका दाबाचं. गुंडप्पानं पाडव्यापासून वैशाखापर्यंत मैनाला खरारा केला, नाल तपासले, शेपटीतली कुसळं काढली. अंगठा तेवढा त्या जागी नेला नव्हता.

परक्याला मैना पायाशी येऊ देत नसे. मघाशी रेवणसिद्ध वाकला तेव्हा तिनं कान मागं टाकले होते आणि तो लगबगीनं बाजेआड गेला होता.

“मोतरा असंल तर मी माझी सळई घेऊन निघतो,” बाजेआडून तो म्हणाला. “हड्डा असंल तर डाग द्यावाच लागंल. आमच्या आज्यानं किती घोडी डागली, इचारा अक्काला.”

“त्यातली किती चालली, तेबी सांग की,” उंबऱ्यातून नीलाबाई म्हणाली. धाकट्या भावाची तिला चांगलीच पारख होती.

“चालली का म्हणतीस? डागताना तर पळालीच!”

नीलाबाई अंगणात आली, चिमट्यानं सळई उचलली आणि फुफाट्यात खुपसून दिली. विझवायला पाणी वाया घालवण्याचे दिवस नव्हते.

“दवाखान्यात न्यायची मैनाला,” ती नवऱ्याला म्हणाली. “नवा जिल्हा झालाय, नवा डाक्टरबी आलाय.”

“जिल्ह्याचं मला नको सांगू. निजामात बिदर होतं, मग उस्मानाबाद झालं, आता लातूर. मी हाय तिथंच हाय, जिल्हेच फिरून राहिलेत.”

“मग आता तुमीबी जरा फिरा,” असं म्हणून तिनं लगाम त्याच्या हातात दिला.

उदगीरच्या रस्त्यानं मैना लंगडत निघाली. पुढं गुंडप्पा, मागं नीलाबाई. नव्या जिल्ह्याबरोबर जीपगाड्या आल्या, स्टेशनावर रिक्षा उभ्या राहिल्या आणि टांग्याची सवारी आटली. पुढं विहिरीही आटल्या, आणि त्याच टांग्याला पुन्हा काम लागलं. गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीवरून मैना पाण्याचं पिंप ओढून आणी. ती येतेय हे गल्लीत आधी नीलाबाईला कळे. भाकरी थापता थापता तिच्या तोंडी आपोआप यायचं,

मैनाच्या टापा बाई, वाजती वेशीपाशी
हंड्याला सांगते, आता राहू नको उपाशी

पाडव्याच्या दिवशी ओवी अर्ध्यात थांबली होती. तीन टापा वेळेवर पडल्या होत्या, चौथी मागं राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टर श्रीमंत कांबळे झाडाखाली एका म्हशीच्या तोंडात औषध ओतत होते. बिलोलीकडचा तरुण माणूस, परभणीला शिकलेला. गुंडप्पा बायकोच्या कानाशी पुटपुटला, “नाव श्रीमंत, अन् खुर्ची बघ तीन पायाची.”

“नाव आईनं ठेवलं मामा, खुर्ची सरकारनं,” डॉक्टर वळूनही न बघता म्हणाले.

मग त्यांनी मैनाला चालवायला लावलं. पाय दुमडून पोटाशी थोडा वेळ धरून ठेवायला सांगितलं आणि सोडल्या सोडल्या पळवायला लावलं. मैना चार पावलं अशी लंगडली की नीलाबाईनं पदर तोंडाला लावला.

“मामा, कुठं दुखतंय म्हणता तुम्ही?”

“गुडघ्यात. मागल्या.”

“गुडघा वर असतो, पोटापाशी. ही टाच हाय तिची. घोडं जन्मभर टाच उचलून चवड्यावर उभं असतं. ओझं घेऊन वळलं, पळालं, की हिसका बसतो तो या टाचेला.” डॉक्टर बाजूला सरकले. “मला ती जवळ येऊ द्यायची न्हाई. तुमीच अंगठा ठेवा. दाबा.”

गुंडप्पा वाकला. मैनाच्या कातडीवरून एक शहारा गेला, पण तिनं पाय हलवला नाही; उलट मान वळवून तोंड त्याच्या पाठीला लावलं. त्यानं अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. कातडीखाली सुपारी असावी तसं काहीतरी होतं.

तो उठला तेव्हा नीलाबाई दुसरीकडे बघत होती.

“तुला ठाव होतं?”

“पाडव्यालाच दाबून बघितलं होतं म्या.”

“मग बोलली न्हाईस?”

“तुमी मोतरा म्हणत होता,” ती हळूच म्हणाली. “म्हणलं, म्हणू द्यावं.”

डॉक्टरांनी औषधाच्या पुड्या बांधून आणल्या. मग समजावून सांगू लागले. डाग द्यायचा नाही; त्यानं कातडी जळते, हाड तसंच राहतं. मिठाच्या कोमट पाण्यानं शेकायचं. खुराच्या मागच्या अंगानं उंच नाल मारून घ्यायचा. दुखण्यावर पुड्या द्यायच्या. ठणका उतरला की रोज रिकामं, हळूहळू फिरवायचं.

“आतली बारकी हाडं एकमेकांना धरून बसतील, मामा. लई दिवस लागतील. पण एकदा बसली की दुखणं थांबेल. वाक मात्र परत यायचा न्हाई.”

“टांगा?”

“टांगा न्हाई.”

गुंडप्पानं मान हलवली. पुड्या धोतराच्या सोग्यात बांधल्या. परतताना त्यानं मैनाला मोठ्या रस्त्यानं नेलं नाही. मागच्या मातीच्या वाटेनं, तिच्या चालीनं नेलं.

दिवस कलला तेव्हा टांग्याच्या दांड्या आभाळाकडे होऊन भिंतीला टेकल्या होत्या. मळ्यातल्या विहिरीवरून गुंडप्पा स्वतः कावड घेऊन आला. त्याचा खांदा सोलवटला होता. रेवणसिद्ध ओशाळल्यासारखा लिंबाखाली आला, निखाऱ्यांवरची राख बाजूला करून त्यावर पाण्याचं घमेलं ठेवलं आणि निघून गेला. सळई नेली नाही.

गुंडप्पानं मीठ टाकलं. फडकं बुडवून, पिळून, मैनाच्या टाचेवर धरलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा धरलं. मैनानं डोळे मिटले आणि हळूहळू, भीत भीत, तो पाय पुरता जमिनीवर टेकवला.

घमेल्यात कोमट पाणी उरलं होतं. नीलाबाई ते लिंबाच्या बुडाशी ओतायला उचलू लागली.

“थांब. पाय दे इकडं.”

“अवो, येडे झाले का? लोक बघतेल.”

“बघू दे. हीबी टाचच हाय.”

ती बाजेवर बसली. टांग्यावरच्या पिंपातून गल्लीला हंडे भरून देताना रोज चवड्यावर उचललेली तिची टाच उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारखी फाटली होती. गुंडप्पानं ती मांडीवर घेतली आणि घोट्याजवळ सूज होती तिथं अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही.

“दुखतंय?”

“न्हाई हो,” नीलाबाई मैनाकडे बघत म्हणाली. “मोतरा हाय.”

“हाव,” गुंडप्पा म्हणाला आणि त्यानं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.