चार आऱ्यांची तबकडी

मला उजेडात तिरपं धरलंत, तर माझ्या काळ्या अंगावर चार फिकट रेषा दिसतात. मधल्या भोकाजवळून निघून त्या काठापर्यंत सरळ जातात. सायकलच्या चाकाला चारच आरे असावेत तशा. कारण साधं आहे. माझी एक फेरी होते तेवढ्यात ढोलाचे बरोबर चार ठोके पडतात. पुढच्या फेरीतले चार त्यांच्या शेजारी येऊन बसतात. एकही ठोका रांग सोडत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, नाचायच्या संगीताची. माझ्यात विजेच्या यंत्रांचे ठोके आहेत, त्यांच्यामागे धुक्यासारखे लांबत जाणारे सूर आहेत आणि या सगळ्यांत एक गिटार आहे. सगळं अडलं ते त्या गिटारीपाशी.

मला घडवलं एका बहीणभावाने. दादा चष्म्याच्या काचा घासायचा. दुकानामागच्या खोलीत घासायचं चाक थांबलं की तो गिटार घ्यायचा. धाकटी बहीण प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त करायची आणि संध्याकाळी त्याच खोलीत आपली यंत्रं मांडून बसायची. वायरी इतक्या नीट गुंडाळायची की दादा तिला लहानपणापासून फूटपट्टीच म्हणायचा.

दादाच्या हाताला एक सवय होती. ठोका पडला की त्याची तार केसभर उशिरा वाजायची. दार उघडल्यावर पाहुणा क्षणभर उंबऱ्यावर थांबतो ना, तशी. बहिणीला ती चूक वाटली. तिने संगणकाच्या पडद्यावर त्याचा एकेक सूर उचलला आणि ठोक्याच्या रेषेवर नेऊन ठेवला. दादाला विचारलं नाही. आपण त्याला मदतच करतोय, असं तिला मनापासून वाटत होतं.

मग कारखान्यात धातूच्या साच्याच्या दोन भागांमध्ये गरम प्लॅस्टिकचा गोळा दाबला गेला आणि मी जन्मले. मी नमुना. बहिणीचा होकार आला की त्याच साच्यातून माझ्यासारख्या पाचशे निघणार होत्या.

दादाने मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या एप्रनवर काचेची भुकटी होती. शेवटपर्यंत तो हलला नाही.

"छान आहे गं, फूटपट्टी," तो म्हणाला. "वाजवतंय कोण?"

"म्हणजे? तूच की."

"मी? बरं."

आणि तो चाकावर जाऊन बसला.

बहिणीला तेव्हा सगळं कळलं. होकार द्यावा, तर दादाच्या नावाने परकाच हात पाचशे ठिकाणी वाजणार. नकार द्यावा, तर आपण काय केलं ते तोंडाने सांगावं लागणार. तिने दोन्ही टाळलं.

माझं कौतुकही झालं. तिच्या मैत्रिणीने मला एकदा नाचघरात वाजवलं. लोक नाचले. "अगं, घड्याळ आहे घड्याळ!" मैत्रीण म्हणाली. "काढ ना लवकर, कसली वाट बघतेस?"

"कळवते," बहीण म्हणाली. कारखान्याच्या फोरमनलाही ती हेच सांगायची. "तुझ्या त्या 'कळवते'ला आता दाढी आली असेल," वहिनी म्हणायची.

पुढची वर्षं मी फ्रेमच्या खोक्यांमागे काढली. काही काळ माझ्यावर साखरेचा डबा होता. नंतर खिडकीतल्या उन्हाने माझी एक कड वाकली. आता सुई माझ्यावर होडीसारखी डुलते. माझी तक्रार नाही, उष्णतेने प्लॅस्टिक वाकतंच. पण मित्रांनो, तबकडी काठाला धरावी, उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी. आणि दुसऱ्याच्या हातचं काम वाकडं दिसलं, तर सरळ करण्याआधी त्याला विचारावं. माझ्या कडेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आवरताना मी वहिनीच्या हाती लागले. चष्म्याच्या फडक्याने पुसून तिने मला लावलं. दादाला काय वाटलं कोण जाणे, त्याने गिटार घेतली आणि माझ्यासोबत वाजवू लागला. खोलीत दोन गिटारी झाल्या. माझ्यातली आधी, त्याची केसभर मागे.

"बघा, मी माझ्याच मागे पडलोय!" तो हसला.

"मागे कसला?" वहिनी म्हणाली. "मघाशी नुसती मान हलत होती माझी. तू वाजवायला लागलास आणि पाय हलला."

बहीण तराजूचा स्क्रू हातात घेऊन तशीच बसली होती. ती उठली. तिने सुई उचलली. दादा वाजवतच राहिला, आणि वहिनीचा पाय काही थांबला नाही.

तेवढ्यात फोन आला. फोरमनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ताई, जुने साचे वितळवायला काढलेत. तुमचा ठेवू की टाकू? आता 'कळवते' नको, सांगूनच टाका."

दादाचा हात तारांवर थांबला. साचा राहिला, तर माझ्यासारख्या पाचशे निघणार होत्या. गेला, तर मी एकटी उरणार होते. मला विचारणारं कोणी नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

"वितळवा," बहीण म्हणाली. तिचं तोंड फोनकडे होतं, नजर दादाकडे. "त्यातली गिटार मी बदलली होती, दादाला न विचारता. आता पुन्हा करायचं. आधी तो वाजवेल, आणि माझी यंत्रं त्याच्या मागून येतील."