मारबतीसंग गेलेली काठी

टाचेचं वाढलेलं हाड कापलं, त्याले अकरा महिने झाले. डाक्टर म्हणे, फोटो साफ हाये, आता दुखाले काई उरलंच नाई. त्याचं काय जाते म्हणाले! सकाळी टाच जमिनीले टेकली का माह्या डोळ्यापुढं काजवे चमकते. पण फोटो साफ म्हटल्यावर घरच्याइले रानच मोकळं भेटलं. सासूबाई म्हणे, कामाच्या नावानं नखरे हायेत. उत्तराचे बाबा, म्हणजे आमचे हे, तोंडानं काई म्हणत नव्हते. पण पाय कसा हाये, हे अकरा महिन्यांत एका शब्दानं पुसलं नाई. जळो तो फोटो.

माह्या बापानं गावाहून बोरीची काठी करून आणली होती. तिच्याच भरवशावर मी न्हाणीपर्यंत जात होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, ते मोठं बाहुलं गावाबाहेर नेऊन जाळतेत. तिच्यासंग घरातली पीडा जाते म्हणून दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या लोक तिच्यामागं नेऊन टाकतात. मी ओट्यावर बसली होती. ह्याइनं दारातल्या फांद्या उपसल्या, अन् त्याइच्यासंग माही काठीबी उचलली.

"राई, रोग, ढेकूण घेऊन जा गे मारबत! हिचं दुखणं घेऊन जा गे मारबत!"

सारी गल्ली हसली. शेजारची प्रेमिला तं तोंडाले पदर लावून हसून राहिली होती. काठी त्या गर्दीत गेली, ते मी बसल्या जागेवरून पाहिलं.

मंग हे परत आले. मोठं काम करून आल्यासारखा चेहरा होता. साऱ्याइच्या समोर माह्याजवळ वाकले.

"दुखते का वं आता?"

अकरा महिन्यांच्या शिव्या जिभेवर तयार होत्या. माह्या बापाची काठी फेकून वरून पुसते! पण पुसलं तं होतं. मेलं हे मन, तेवढ्यावरच भरून आलं. मी भिंत धरून उभी राहिली.

"नाई," म्हटलं.

सासूबाईनं लगेच सांगितलं, मंग चूल पेटव, नणंद जेवाले येते. मी दात आवळून पोळ्या लाटल्या. हे बाहेर ज्याले त्याले मारबतीचा गुण सांगत बसले.

त्याले आता दोन वर्सं झाली. मी भिंतीभिंतीनं चालते. ह्याइनं परत कधी पुसलं नाई, अन् काहून पुसतील? दुखत नाई म्हणून मीच सांगितलं होतं.