भरदुपारची शुभरात्री

सरकारी वाहिनीचा कारभार म्हणजे शिस्तीचा संसार. सकाळी शाळेचे पाठ, मग बागकाम, मग डॉक्टरांशी गप्पा, दुपारच्या बातम्या, सामना असला तर सामना, आणि रात्री वेळेवर दुकान बंद. बाकीच्या वाहिन्या रात्रभर कोकलत बसतात, ही अजून माणसासारखी झोपते. "ताई, हे सगळं बघतं तरी कोण हो?" असं लोक प्रसारण कक्षातल्या ताईंना विचारायचे, आणि ताई हसून विषय बदलायच्या. बघणारा एक त्यांच्या घरातच होता, पण ते काय लोकांना सांगायचं?

ताईंचे वडील म्हणजे नाना, एके काळचे कडक हेडमास्तर. अख्खं गाव ज्यांच्या घड्याळावर चालायचं, त्यांच्याच डोक्यातलं घड्याळ आता बंद पडलं होतं. सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, काही पत्ता नाही. टीव्ही मात्र कळायचा. बागकाम लागलं की नाना गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत. बातम्या लागल्या की निमूट जेवायला बसत. सामना लागला की खुर्चीतच डुलकी काढत. आणि रात्री ती संथ धून वाजून पडद्यावर 'शुभरात्री' आलं, की टीव्ही बंद, दाराला आतून कडी, दिवे बंद, नाना गादीवर. ताईंनी इकडे बटण दाबायचं आणि नानांनी तिकडे उठायचं. सुरुवातीला ताईंना याची गंमत वाटायची.

गंमत संपली ती शाळेच्या पाठामुळे. पाठ सुरू होण्याआधी शाळेची घंटा वाजते. ती ऐकली की नाना मोजे चढवत, बूट घालत, छत्री घेत आणि शाळेला निघत. शाळा होती हमरस्त्याच्या पलीकडे. होती म्हणजे आता नाही, तिथं पेट्रोल पंप झालाय. एकदा सांभाळणाऱ्या मावशी आंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात हा गृहस्थ हमरस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, आणि मुलांना रस्ता ओलांडू द्यायला हात वर करून ट्रक अडवायला लागला. ट्रकवाल्याचे ब्रेक चांगले होते म्हणून नाना वाचले. बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी घाबरून दारावर डोकं आपटून घेतलं. "कोंडू नका त्यांना," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घंटेच्या वेळेला मावशी दारात खुर्ची टाकून बसत. आणि सामन्याच्या दिवशी जेवण उरकलं की लवकर घरी जात, कारण सामना असला म्हणजे नाना संध्याकाळपर्यंत गाढ.

त्या दिवशी सामना होता.

प्रसारण कक्षात सगळं आलबेल होतं. इंजिनिअर, ज्याला सगळे लांबू म्हणत, खुर्चीत मावत नव्हता म्हणून पाय टेबलाखाली पसरून बसला होता. आणि एकाएकी मैदानावरून येणारं चित्र गेलं. समोरचा पडदा काळा.

पडदा काळा पडता कामा नये, ही इथली पहिली आज्ञा. अशा वेळी मध्ये काहीतरी घुसडून द्यायचं असतं, आणि त्यासाठी शाळेचे पाठ कायम तयार ठेवलेले. आटोपशीर असतात, कुठंही तोडले तरी कुणी तक्रार करत नाही. ताईंनी हे शेकडो वेळा केलं होतं. त्यामुळे हात आधी गेला आणि डोकं मागाहून आलं.

घंटा वाजली.

देशभर कुठल्याशा बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढायला घेतला, आणि ताईंना दिसत होते ते फक्त खुर्चीतून उठणारे नाना. असल्या हाताला काय म्हणावं? आजवर चित्र गेलं ते इतर वेळी, मावशी घरात असताना; सामन्याच्या दुपारी हे पहिल्यांदाच. आज नानांजवळ चिटपाखरू नव्हतं.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. नाना फोन उचलत नाहीत हे ठाऊक होतं, तरी त्या ऐकत राहिल्या. मावशींना लावला.

"मी तर बसमध्ये आहे ताई, पार टोकाला आलेय. काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. काय सांगणार? शेजारणीला लावला, तो बंद.

"लांबू, मैदान कधी येतंय?"

"ते म्हणतायत, बघतो. त्यांचं बघतो म्हणजे तुम्हाला माहितीये." लांबूनं मान वर केली. "ताई, बरं नाही का वाटत? पांढऱ्याफटक पडलात."

उठून पळावं, तर प्रसारण चालू असताना बदली माणूस आल्याशिवाय ही खुर्ची सोडता येत नाही. आणि पळून तरी काय, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. आता मोजे झाले असतील, ताईंच्या मनात आलं. बुटांच्या नाड्यांना नाना वेळ घेतात. नाडी दुहेरी बांधतात, वर्गात कुणाची सुटली तर ओरडायचे. मग छत्री शोधतील. मग जिना. मग तो रस्ता आणि ते ट्रक.

पाठ तोडून गाणं लावलं तरी उपयोग नव्हता. एकदा घंटा झाली की हेडमास्तर घरात थांबत नाही. जगात एकच गोष्ट नानांना घरात ठेवत होती.

ताईंनी रात्रीची फीत पुढे ओढली.

"ताई, ती नव्हे," लांबू म्हणाला. "ती शेवटची आहे. ताई, नोकरी जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या, आणि दाबलं.

त्रिकोण अर्धवट राहिला. भरदुपारी, उन्हाचा नुसता रखरखाट असताना, देशभरातल्या घरांत ती संथ धून वाजली, आणि सामन्याची वाट बघणाऱ्या लोकांना सरकारनं झोपायला सांगितलं. ताईंनी धून शेवटपर्यंत वाजू दिली. पडद्यावरची 'शुभरात्री' त्यांनी काढली नाही, लांबूनं दोनदा सांगितलं तरी नाही. नाना जिन्यात असतील तर? दार उघडं टाकून खाली उतरले असतील, तर धून ऐकू तरी जाईल का?

साहेब वरच्या मजल्यावरून धावत आले. दम लागला होता.

"बाई, तुम्हाला वेड लागलंय का? मंत्र्यांच्या घरून फोन आलाय, काय उठाव-बिठाव झालाय का म्हणून विचारतायत."

"चूक झाली साहेब. माझी एकटीची. खुर्चीवर तुम्ही बसा, मला घरी जायचंय."

"आत्ता? आणि वर तोंड करून सांगताय?"

त्याच वेळी मैदान परत आलं. साहेब नाइलाजानं खुर्चीत बसले, आणि ताई पर्स घेऊन निघाल्या.

टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला. "ऐकलंत का, टीव्हीवाले दुपारीच झोपले," म्हणाला. हमरस्त्यापाशी गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे माणसांचा घोळका, मध्ये आडवा ट्रक. ताई दार उघडून धावत सुटल्या. घोळक्यात शिरल्या आणि खाली बघायचं धाडस होईना.

"काय झालंय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"चाक निखळलंय," कुणीतरी म्हणालं. "तुम्ही कशाला रडताय, तुमचा आहे का ट्रक?"

ताई तशाच घराकडे पळाल्या. जिना चढताना प्रत्येक वळणावर वाटत होतं, इथं छत्री पडलेली असेल. नव्हती. दार बंद होतं. लॅचची किल्ली फिरवून ढकललं, तर हललं नाही. आतून कडी होती.

ताई दाराला टेकल्या. आहेत. घरात आहेत. मग भानावर येऊन त्यांनी कडी वाजवली.

बऱ्याच वेळानं आतून पावलं आली. "कोण आहे?" आवाज दबका होता, भ्यालेला.

"नाना, मी. दार उघडा."

"कोण मी? रात्री-अपरात्री लोकांची दारं ठोठावता?"

"नाना, मी ठकी. तुमची ठकी."

मग नाना दाराच्या फटीशी तोंड आणून कुजबुजले.

"बाई, तुम्ही कोण असाल त्या असा, पण हळू बोला. ठकी आत झोपलीये. आई नाही हो तिला, एकटीच असते, आवाजानं घाबरून उठेल."

ताईंचा हात कडीवरच राहिला.

"नाही बोलत," त्या हळूच म्हणाल्या. "झोपू द्या तिला. तुम्ही तिच्याजवळच थांबा, कुठं जाऊ नका."

"कुठं जाणार मी तिला सोडून?" नाना म्हणाले, आणि पावलं आत गेली.