नुसतं ‘चालेल’ म्हणालो

माझ्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली आहे, ते सोडा. पण रोपांची नर्सरी चालवणाऱ्या बाईंची पिकअप परत आली.

ही पिकअप अकरा वर्षं माझे भाऊजी चालवत होते. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. रोपं आणि कुंड्या भरायच्या, बागांमध्ये, शेतांमध्ये नेऊन पोचवायच्या, हे त्यांचं काम. शेताकडच्या कच्च्या वाटांवर गाडीचं पोट दगडांना घासायचं. बाई म्हणाल्या, “मोठे टायर बसवा, गाडी उंच होऊ दे.” मी जुन्यापेक्षा तीन इंच उंच टायर बसवले. गाडी अशी ऐटीत उभी राहिली की मीच दोनदा मागे जाऊन पाहिलं.

आता खरं सांगतो. मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. म्हणून मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, क्राऊन-पिनियन, तीही बदलावी लागते. हे मला ठाऊक होतं. पण सामान यायला आठ दिवस लागणार होते आणि बाईंना गाडी तिसऱ्या दिवशी हवी होती. त्यांनी विचारलं, “आणखी काही करायला लागेल का?” मी हात पुसत म्हणालो, “नाही, चालेल.”

दोन महिन्यांनी भाऊजी गॅरेजात आले. ते मला डॉक्टर म्हणतात, मी इंजिनाला कान लावून बसतो म्हणून.

“डॉक्टर, तुझा पेशंट दमतोय,” ते म्हणाले. “जो चढ तिसऱ्या गिअरवर चढायचो, तिथं आता दुसरा टाकावा लागतो. आणि ते मीटर बघ एकदा. लांबच्या बागेपर्यंत बेचाळीस किलोमीटर दाखवायचं, आता जेमतेम अडतीस दाखवतंय. रस्ता काय धुऊन आटला का?”

मी हसलो. “मीटर खोटं बोलत नाही भाऊजी. माणसं बोलतात.”

हे मी सहज बोललो होतो. पण त्यांचा चेहरा पडला, तेव्हा मला कळलं की नर्सरीत काहीतरी झालंय.

झालं होतं ते असं. टाकी भरली की बाई वहीत मीटरचा आकडा लिहायच्या. गाडी लिटरला बारा किलोमीटरचा ॲव्हरेज द्यायची, तो दहाच्याही खाली आला होता. गाडी तीच, रस्ते तेच, ड्रायव्हर तोच. मग डिझेल जातंय कुठं, असं बाईंनी सगळ्या कामगारांसमोर विचारलं होतं. बाई वाईट नाहीत. पण संशयाला औषध नसतं.

दुसऱ्या दिवशी ताई आली. मी जॅकवर चढवलेल्या गाडीखाली होतो, ती तिथंच खाली वाकून बोलायला लागली.

“खरं सांग, गाडीत काही दोष आहे का?”

त्या क्षणी मला क्राऊन-पिनियन आठवलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. आठवलं. पण त्यानं गाडी थोडी दमेल, एवढा ॲव्हरेज कसा पडेल, असं मी स्वतःला समजावलं. दोष गाडीत असेल तर तो माझ्या हातचा होता. भाऊजींमध्ये असेल तर मी सुटत होतो. मी ताईला म्हणालो, “गाडी ठणठणीत आहे.”

मग मीच शहाणपणा शिकवला. म्हणालो, माणूस आहे, डिझेलवर हात गेला असेल एखाद वेळी. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंपाशी गुपचूप कबूल करून माफी मागा, त्या काढून टाकणार नाहीत.

भाऊजी दोन दिवस अडून बसले. कर नाही त्याला डर कशाला, एवढंच म्हणत राहिले. शेवटी ताईनं त्यांच्यापुढे हात जोडले. तेव्हा त्यांनी एका कागदावर कबुलीची एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. बाईंनी त्यांना कामावर ठेवलं, पण गाडीची किल्ली काढून घेतली. अकरा वर्षं गाडी चालवलेला माणूस पिशव्यांमध्ये माती भरायला बसला.

महिन्याभरानं बाई स्वतः गाडी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“नवा ड्रायव्हर आहे,” त्या म्हणाल्या. “ॲव्हरेज तोच, दहाच्या खाली. आता हा पण चोर का?”

मी पाना खाली ठेवला. खडू घेतला, पुढच्या टायरवर खूण केली, तिच्याखाली फरशीवर दुसरी. गाडी ढकलली. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला, तिथं तिसरी खूण केली आणि टेप लावली. सात फूट दहा इंच. मग मागच्या अंगणात पडलेला जुना टायर आणला आणि तसाच फिरवला. बरोबर सात फूट.

मीटर रस्ता मोजतच नाही. आतला दांडा किती वेळा फिरला, तेवढंच मोजतं. चाक मोठं झालं म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त लांब जाते, आणि बिचाऱ्या मीटरला त्याचा पत्ता नसतो. वहीत शंभर लिहिले तेव्हा गाडी एकशे बारा किलोमीटर गेली होती. म्हणजे जवळपास अर्धी घट नुसती कागदावरची होती. उरलेली अर्धी खरी होती, दमलेल्या इंजिनाची. क्राऊन-पिनियन बदललं असतं तर इंजिनही दमलं नसतं आणि मीटरही जागेवर आलं असतं. भाऊजींनी मला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. चढही सांगितला होता, अडतीसही.

मी बाईंना सगळं सांगितलं, त्या ‘चालेल’सकट. त्या खडूच्या खुणांकडे बघत राहिल्या. “मी चारचौघांत विचारलं हो त्यांना,” त्या म्हणाल्या. “तो कागद फाडून टाकते,” असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

मी त्याच पिकअपमधून नर्सरीत गेलो. भाऊजी शेडमध्ये स्टुलावर बसून माती भरत होते. मी समोर उकिडवा बसलो आणि फूट-इंचांसकट बोलून टाकलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. ते पिशवी भरत होते, थांबले नाहीत.

“खडूनं मोजलंस?”

“हो.”

“मी तोंडानं सांगितलं होतं.”

मला लाज वाटली. इतकी की मान वर करवेना. “चुकलो भाऊजी. बाई तो कागद फाडणार आहेत. ही किल्ली. उद्याच सामान मागवतो. ताईला आत्ता जाऊन सांगतो.”

“तिला काय सांगशील?” त्यांचा आवाज चढला नाही. “महिनाभर ती मला वाढतेय. चोर असलात तरी माझेच आहात, अशा मायेनं वाढतेय. एकदाही टाकून बोलली नाही. कागद फाडता येईल रे. ते जेवण कसं फाडायचं?”

त्यांनी पिशवी रांगेत ठेवली, हात झटकले, डबा उचलला. सुट्टीची वेळ झाली होती. मी किल्ली पुढं धरली, ती त्यांनी घेतली नाही.

“निदान घरी सोडतो,” मी म्हणालो. “गाडीनं. चालेल ना?”

“चालेन,” ते म्हणाले आणि फाटकाकडे निघाले.