डब्यात लसूण नव्हता

"बाई वं, किती लसूण घातला आज! भपकारा मारून राहिला नुसता," कलाबाईंनी डब्याचं झाकण लावता लावता सुनेला टोमणा मारला आणि त्या तिथेच फरशीवर आडव्या झाल्या.

पल्लवी डबे गोळा करू लागली. टोमण्याला उत्तर दिलं की टोमणा लांबतो, हे ती लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकली होती. शिवाय गोदामातलं हे काम सासूनेच शब्द टाकून मिळवून दिलेलं. फाटलेली पोती शिवायची, सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं. सावलीतलं काम आहे, असं कलाबाई आळीत सगळ्यांना सांगत.

सावली होती हे खरं. मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याहून तिगावकडे जाताना लागणारं ते टिनाचं लांबलचक गोदाम. पुढच्या अर्ध्यात सरकीची पोती, मागच्या अर्ध्यात मक्याची थप्पी. मक्यात किडे झाले होते, म्हणून परवा दोन माणसं येऊन थप्पीला दवा देऊन गेली. जाताना त्यांनी सगळ्या थप्पीवर जाड निळी ताडपत्री ओढली, मागच्या खिडक्या चिकटपट्टीने बुजवल्या आणि ताडपत्रीची कड जमिनीशी दाबून राहावी म्हणून तिच्यावर चहूबाजूंनी रेती भरलेल्या लांब कापडी नळ्या टाकल्या. दारावर लावायला त्यांनी एक लाल पाटीही दिली होती. मुकादम प्रभाकरने ती टेबलामागे ठेवली. सरकीचे ट्रक भरायचे होते, आणि पाटी पाहून हमाल आत आले नसते. "तिकडं फिरकू नका म्हणजे झालं," एवढंच तो बायकांना म्हणाला.

पण पत्र्याखाली चैत्राचं ऊन उतरलं की पुढच्या भागात भट्टी होई. हमाल जेवायला बाहेर लिंबाखाली जात. बायकांना त्यांच्यात बसायचा संकोच. मग कलाबाई, पल्लवी आणि चंचल या तिघी मागे ताडपत्रीच्या आडोशाला बसत. तिथली फरशी गार असे. रेतीची नळी तर त्याहून गार. मान टेकली की पाण्याच्या माठावर डोकं ठेवल्यासारखं वाटतं, असं कलाबाई म्हणत. कालही त्यांनी एक नळी ओढून उशाला घेतली होती. आज त्यांचं पाहून चंचलनेही एक घेतली.

"काकू, तुमाले तं कोनाचा बी सैपाक पटत नाई," डोळे मिटून पडल्या पडल्या चंचल म्हणाली. ती सौसरची, नवी नवरी, आणि तोंडाने नावासारखीच. "माह्या सासूले तुमच्या घरी पाठोतो. दोघी मिळून भांडत बसा."

"तुही सासू तुले उपाशी ठेवते, मी माह्या सुनेले पोटभर चारतो. लसूण घालून का होईना."

"उपाशी नाई वं, नवरात्र हाय माहं. देवीचं. लसूण तं वर्ज्यच."

पल्लवी डबे पुसत होती. तिचा हात थांबला.

घरी लसूण नव्हताच. सकाळी तिने दुरडी उलटी करून पाहिली होती, नुसती टरफलं पडली. जवसाची चटणी तिने मिरची आणि जिरं घालून वाटली, आणि भाजीला कांद्याची फोडणी दिली. चंचलच्या डब्यात उकडलेले बटाटे होते. तिघींपैकी कोणाच्याही डब्यात लसूण नव्हता.

तिने हातातलं झाकण नाकाशी नेलं. जवसाचा, तेलाचा वास आला. मग ती खाली वाकली. फरशीकडे, कलाबाईंच्या डोक्याकडे. वास तिथे होता. लसणासारखा खरा, पण त्यात सडक्या मासळीचं काहीतरी मिसळलेलं. कलाबाईंनी नळी ओढून घेतली होती तिथे ताडपत्रीची कड जमिनीपासून सुटली होती. फट जेमतेम बोटभर. आत एका कागदावर राखेसारखी करडी भुकटी दिसत होती.

ही भुकटी तिने पाहिली होती. लोधीखेड्याला, माहेरी, बाबा गव्हाच्या कोठीत गोळ्या ठेवायचे. त्या दिवसांत सगळं घर अंगणात झोपायचं. कोठीच्या खोलीत चेंडू गेला तरी आणायला जायचं नाही. नंतर बाबा तोंडाला पंचा बांधून अशीच राख बाहेर काढून खड्ड्यात पुरायचे. तेव्हाही असाच वास यायचा. गोळी विरघळते आणि हवा होते, बाबा सांगायचे. ती हवा दिसत नाही.

एका कोठीला एवढी भीती, आणि इथे तर डोंगराएवढी थप्पी होती.

"आत्याबाई, उठा."

"पडू दे वं जरा. डोकं दुखून राहिलं सकाळपासून."

"उठा म्हनतो ना! चंचल, ऊठ. बाहेर चाल. हे लसूण नोहे."

तिच्या आवाजातलं काहीतरी चंचलला कळलं असावं. ती उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. कलाबाई कोपरावर उठल्या, पल्लवीकडे पाहिलं, आणि काही बोलायच्या आधी त्यांना भडभडून उलटी झाली. मग त्यांचे हात गळाले. पल्लवीने त्यांना काखेत धरून ओढलं. फरशीवरून, सरकीच्या पोत्यांच्या बोळातून. चंचल पोत्यांना धरत मागून येत होती. बोळ संपता संपेना. श्वास घ्यावा की घेऊ नये हे तिला समजत नव्हतं. घेतला नाही तर ओढायला जोर राहत नव्हता.

बाहेर लिंबाखाली प्रभाकर धावत आला. "काय झालं? ऊन लागलं का? कांदा आना रे कोनी!"

"ऊन नाई, प्रभाकरभाऊ. मक्याच्या गोळ्यांची हवा हाय. कड उघडी पडली. आत कोनाले जाऊ देऊ नका."

प्रभाकरचा चेहरा क्षणात उतरला. त्याने मागे हमालांकडे पाहिलं, मग पल्लवीला चार पावलं बाजूला नेलं. रस्त्यावरून जाणारा एक ऑटो त्याने हात करून थांबवला आणि कलाबाईंना आत घालेपर्यंत तो हळू आवाजात बोलत राहिला.

"हे पाय, पल्लवी. दवाखान्यात गोळीचं नाव काढजो नको. आपल्याकडं गोळी म्हटली की लोक एकच समजते. खाल्ली, नाईतं चारली. मागच्या हप्त्यात तुमचं सासू-सुनेचं भांडन झालं, साऱ्या गोदामानं आयकलं. अन् आजचा डबा कोनं बनोला? तू. मंग पोलीस कोनाले धरन, सांग? ऊन लागलं म्हन. मी तुह्या भल्याचं सांगून राहिलो."

ऑटो निघाला. चंचल पलीकडे तोंडाला पदर लावून बसली होती. कलाबाईंचं डोकं पल्लवीच्या मांडीवर होतं, कपाळ घामाने भिजलेलं आणि गार. पल्लवीने नवऱ्याला, पंकजला फोन लावला. तो सौसरला कामावर होता, फोन बंद. बरंच झालं, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली. त्याने विचारलं असतं, आईला काय झालं? तर ती काय सांगणार होती?

प्रभाकर बोलला त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हेच भयंकर होतं. भांडण झालं होतं. कलाबाई सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, "ही एक दिवस मले मारूनच टाकीन!" तेव्हा सगळे हसले होते. माहेरच्या गावात एक सून अशीच पोलिसांच्या गाडीत बसून गेलेली तिने पाहिली होती. पुढे ती सुटली म्हणे. पण गावाने तिला सोडलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी कलाबाईंच्या डोळ्यात बॅटरी मारली, हाताला पट्टा गुंडाळला.

"काय झालं, ताई?"

"ऊन लागलं," पल्लवी म्हणाली. आपलाच आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

"ऊन लागलं तर अंग तापतं. यांचं अंग गार पडलंय." डॉक्टरांनी पुन्हा पट्टा फुगवला, आकडा पाहिला आणि नर्सला सलाईन जोरात सोडायला सांगितलं. "प्रेशर खूप कमी आहे. काय खाल्लं यांनी?"

"भाकर. वांगं. चटनी."

"आणखी काही? आठवा. मला माहीत नसेल तर मी आंधळ्यासारखं औषध देत बसेन."

पल्लवीने सासूकडे पाहिलं. कलाबाईंची छाती भराभर वरखाली होत होती. ओठांचा रंग उडाला होता. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. पल्लवीने कान जवळ नेला. "छाती, छाती," एवढंच त्या म्हणत होत्या. बाजूच्या यंत्रातली हिरवी रेघ मध्येच चुकत होती, पुन्हा सुरू होत होती. दर वेळी ती चुकली की पल्लवीला वाटे, आता संपलं. आणि ती अजून तोंड मिटून उभी होती.

"गोळी," ती म्हणाली. "धान्यात ठेवायच्या गोळ्या."

नर्सचा हात थांबला. तिने पल्लवीकडे पाहिलं ते अगदी प्रभाकरने सांगितलं होतं तसंच. मग ती दाराकडे वळून कोणाला तरी म्हणाली, "चौकीत फोन लावा. सासूले गोळी दिल्याची केस हाय."

पल्लवीने पलंगाची कड घट्ट धरली. "दिली नाई मॅडम, मी काई दिलं नाई. गोदामात मक्याले ठेवल्या होत्या. ताडपत्रीची कड उघडी होती. आमी तिथंच बसलो. लसनाचा वास येत होता, अन् डब्यात लसूण नव्हता." तिचं बोलणं भरकटत होतं, हे तिलाच कळत होतं. "देवाची आन, नव्हता."

डॉक्टर एकदम ताठ झाल्या. "हवेतून गेलं? पोटातून नाही?"

बाकावर बसलेल्या चंचलने तेवढ्यात खाली वाकून उलटी केली. डॉक्टर तिच्याकडे गेल्या. "तुम्हीही त्याच डब्यातलं खाल्लं का?"

"नाई जी," चंचल धापा टाकत म्हणाली. "उपास हाय माहा. मी माहेच बटाटे खाल्ले. पन झोपली तिथंच होती, काकूच्या बाजूले."

डॉक्टर नर्सला म्हणाल्या, "जिने डब्याला हात लावला नाही, तिलाही उलटी. केस नंतर लिहा. आधी दोघींना ऑक्सिजन." मग त्या पल्लवीकडे वळल्या. "गोदामात अजून माणसं आहेत?"

"हमाल हाय. ट्रक भरून राहिले असतीन."

चौकीतून आलेल्या शिपायाला डॉक्टरांनी बोलूच दिलं नाही. गोदाम रिकामं करा, शटर उघडी टाका, तोंडाला नुसता रुमाल बांधून कोणी आत जाऊ नका, असं त्यांनी त्याला त्याच्याच फोनवरून ठाण्यात सांगायला लावलं. फोन झाल्यावर तो कलाबाईंच्या पलंगाशी आला. "अम्मा, बहू ने कुछ खिलाया क्या? डरो मत, बताओ."

कलाबाईंनी मास्क बाजूला केला. नर्स ओरडली, तरी केला.

"तिनं वढून काहाडलं मले," त्या म्हणाल्या. पुढचं बोलायला त्यांना दम पुरेना. "प्रभाकरले पुसा. पाटी कुठी ठेवली, पुसा."

शिपायाने मान हलवली आणि तो बाहेर गेला. पल्लवीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. डॉक्टर हळू आवाजात सांगत होत्या: या विषावर उतारा नाही. ऑक्सिजन द्यायचा, प्रेशर धरून ठेवायचं, हृदयाकडे लक्ष ठेवायचं. माणूस बोलतोय म्हणजे सुटला असं नसतं, फुप्फुसात पाणी नंतरही भरू शकतं. नागपूरची गाडी बोलावली आहे, तोवर वाट पाहायची.

"तुमचं डोकं दुखतंय का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"माहं?"

"तुम्हीही तिथेच बसला होतात ना? आणि ओढताना सगळ्यात जास्त श्वास तुम्हीच घेतला असणार."

दुखत होतं. केव्हापासून, ते तिला सांगता येईना. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं, ते भीतीने असेल असं ती धरून चालली होती. नर्सने तिला शेजारच्या पलंगावर झोपवलं, बोटाला चिमटा लावला, तोंडावर मास्क चढवला. रबराचा वास आला. पल्लवीने तो पुन्हा पुन्हा हुंगून पाहिला. रबराचाच होता.

आडवी झाल्यावर तिला सासूच्या डोक्यापाशी लावलेलं यंत्र दिसेना. नुसता आवाज येत होता, टिक टिक, मध्येच लांबणारा.

"बाई," तिने मास्कमधून नर्सला विचारलं, "आत्याबाईच्या प्रेशरचा आकडा किती हाय?"

नर्सने सांगितला. मघापेक्षा थोडा वर आहे, असंही ती म्हणाली. पल्लवीने मान डोलावली, श्वास घेतला, सोडला, आणि पुन्हा विचारलं, "आता?"