एस्टिलच्या उजव्या खिशातला चाकू

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या, मग मी बोलतो. एका अंगाला तपकिरी हाड दिसतंय ना? आणि दुसऱ्या अंगाला ही काळी चिकटपट्टी? तर मी आहे खिशातला चाकू, जुना, तीन पात्यांचा, आणि अकरा वर्षं मी एकाच माणसाच्या उजव्या खिशात राहिलो. उजव्या! हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं त्या खिशाशीच आहे.

तो माणूस म्हणजे एस्टिल रेमी. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, बेकर फोर्क नावाच्या ओढ्याकाठी त्याच्या तीस-पस्तीस गाई. त्याची मुलगी जॅनेल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. बापाच्या साठाव्या वाढदिवसाला तिनं ठरवलं, याला चाकू बनवून द्यायचा. दुकानातून उचलून नाही हं, बनवून! गावात ओकली फ्यूगेट नावाचा म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडे ती बापाला ओढतच घेऊन गेली. मी तेव्हा नुसता पोलादाचा तुकडा होतो, ओकलीच्या टेबलावर पडलेला, पण सगळं ऐकत होतो.

ओकलीनं एस्टिलला स्टुलावर बसवलं. "दिवसभरात काय काय कापतोस, ते सांग."

"गवताच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या. खाद्याची पोती. सफरचंद. वासरांचं ते... तुला माहितीये. आणि बोटात काटा गेला तर काटा."

"कात्री पण बसवा, ओकलीकाका," जॅनेल मध्येच म्हणाली. "आणि बाटली उघडायचं. आणि स्क्रू फिरवायचं. आणि तो छोटा दातकोरणा असतो ना, तो."

"पोरी, चाकू करायचाय की बापाच्या खिशात दुकान थाटायचंय?"

"अहो, तो दातांनी बाटल्या उघडतो!"

"मग दात आहेत ना अजून? झालं तर."

शेवटी तीन पाती ठरली. एक लांब टोकदार, रोजच्या कामाला. एक सरळ धारेचं, नाकानं बोथट, म्हणजे पोतं कापताना भलतीकडे घुसायला नको. आणि तिसरं आखूड, गोल टोकाचं, फक्त वासरांच्या खच्चीकरणासाठी. "त्या पात्यानं सफरचंद कापून मला देऊ नकोस," असं जॅनेलनं तिथल्या तिथे बजावलं, आणि एस्टिल इतक्या जोरात हसला की स्टूल हललं.

मग आली दांड्याची पाळी. तुम्हाला वाटेल, दांडा म्हणजे काय मोठंसं! पण पात्याला फक्त धार असते हो, माणूस धरतो तो दांडा. ओकलीनं पाच तुकडे मांडले: हरणाचं शिंग, मोत्यासारखा चमकणारा शिंपला, अक्रोडाचं लाकूड, टणक प्लास्टिक आणि बैलाचं हाड. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली ठेवली.

"हात बुडव. आता डोळे मीट."

"हे काय जादूचे प्रयोग?"

"गाईच्या पोटातून वासरू ओढताना हात कोरडे असतात का तुझे? का डोळे हातावर असतात? मीट म्हटलं ना."

शिंपला हातातून सटकून थेट टेबलाखाली गेला. शिंग खरखरीत, एस्टिल म्हणाला, हे माझा खिसा फाडणार. लाकडाबद्दल ओकलीच म्हणाला की ते पाणी पितं, फुगतं. प्लास्टिकला काही होत नाही, पडो, भिजो, पण एस्टिलनं ते लगेच खाली ठेवलं. "मेलेल्या माशासारखं लागतंय." मग त्यानं हाड धरलं. त्यावर बारीक खाचा पाडलेल्या होत्या, अंगठा त्यांवरून पुढे गेला, मागे आला आणि थांबला.

"हा," तो म्हणाला.

डोळे मिटलेलेच होते, मित्रांनो! त्यानं मला न बघता निवडलं होतं. ओकलीनं हाडाच्या दोन पट्ट्या दोन्ही अंगांना बसवल्या, टोकाला पितळी टोपी घातली, आणि जॅनेलनं त्या टोपीवर बापाच्या नावाची दोन अक्षरं कोरून घेतली.

पुढची अकरा वर्षं कशी गेली म्हणून सांगू! रविवारी सांध्यात तेलाचा एक थेंब, मग सदऱ्याच्या टोकानं पुसणं. एकदा मार्चच्या बर्फात एक वासरू गठ्ठ्याच्या दोरीत गळ्यापर्यंत अडकलं, गाय लाथा झाडतेय, एस्टिलचे हात रक्तानं आणि बर्फानं चिंब, आणि तरी मी सुटलो नाही. कचाकच तीन दोऱ्या! घरी येऊन तो जॅनेलला म्हणाला, "याच्या जागी दुसरा असता तर वासरू गेलं होतं." माझ्या एका पट्टीवरच्या खाचा त्याच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाल्या. मला वाटायचं, ही जागा आता फक्त त्याच्याच अंगठ्याची.

आता आमच्या गावची एक रीत ऐका. शनिवारी सकाळी गुरांच्या खाद्याच्या दुकानासमोर बाकावर पुरुष मंडळी बसतात आणि 'न बघता' चाकू बदलतात. म्हणजे तुझ्या मुठीत एक, माझ्या मुठीत एक, मुठी बंद, दाखवायचं नाही, विचारायचं नाही, अदलाबदल करायची आणि मग उघडायचं. मिळालं ते मिळालं, परत मागायचं नाही. म्हणून तर प्रत्येकाच्या डाव्या खिशात एक भंगार चाकू असतो. डावा खिसा बदलण्यासाठी, उजवा कामासाठी. एस्टिलच्या डाव्या खिशात किती आले आणि किती गेले, काही गंजके, काही मोडके, आणि मी उजवीकडून त्यांना मनातल्या मनात हसायचो. हो, हसायचो, खोटं कशाला बोलू.

मग तो शनिवार आला. वेंडेल स्टिडम, जुने ट्रॅक्टर विकतो आणि तोंडानं नवे करतो, तो मूठ पुढे करून उभा राहिला.

"आज मुठीत मोती आहे, मंडळी. खरा शिंपला. भंगार काढणाऱ्यानं हात खिशातच ठेवावा. एस्टिल, तुला म्हणतोय."

"तुझ्या मुठीत मोती? तुझ्या मुठीत कधी साबणसुद्धा बघितला नाही मी."

"मग काढ की उजव्या खिशातला. की मुलीला विचारून येतोस आधी?"

सगळा बाक हसला. आणि मित्रांनो, बोटं उजव्या खिशात आली. मला वाटलं, सफरचंद कापायचंय. खरंच, मला तेवढंच वाटलं! त्यानं मला मुठीत घेतलं, अंगठा झिजलेल्या जागेवरून एकदा पुढे गेला, एकदा मागे आला, म्हणजे चुकून झालं असं कुणी म्हणूच नका, त्याला माहीत होतं मी कोण आहे. आणि त्यानं मूठ पुढे केली.

त्याच्या हातात काय आलं? मोत्यासारख्या रंगाचं प्लास्टिक आणि अर्धं तुटलेलं पातं. बाक पुन्हा हसला. एस्टिलही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

तरी मी म्हटलं, ठीक आहे, माणूस आहे, चिडवलं, चिडला. पण पुढच्या शनिवारी जॅनेल कोंबड्यांचं खाद्य न्यायला आली. मी वेंडेलच्या खिशात होतो.

"डॅडीचा चाकू ओढ्यात पडला म्हणे," ती सगळ्यांना म्हणाली. "कुणाला सापडला तर सांगा हं."

अख्खा बाक आपापल्या बुटांकडे बघायला लागला. वेंडेलचा हात खिशात माझ्यावरच होता. आणि एस्टिल, माझ्यापासून दोन हातांवर, म्हणाला, "पाणी फार खोल होतं तिथे."

तेव्हा मी तुटलो. पाती तशीच होती, मीच आतून तुटलो.

वेंडेलकडे काय हाल झाले ते थोडक्यात सांगतो, नाहीतर मला रडू येईल. तेल नाही, पुसणं नाही. एकदा त्यानं मला ताटवाट्यांबरोबर भांडी धुवायच्या मशीनमध्ये टाकलं. उकळतं पाणी! हाडाला तडा गेला आणि नेमकी अंगठ्याच्या बाजूची पट्टी, ती झिजलेली, गळून पडली. त्यानं तिथे ही काळी चिकटपट्टी चिकटवली आणि मला डाव्या खिशात टाकलं. मी, डाव्या खिशात.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या टर्कीच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी आमच्याकडे मोठं रिंगण असतं. त्या दिवशी बायकाही बसतात. जॅनेल सुक्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन आली होती. प्रत्येकाच्या मुठीत एक चाकू, आणि मूठ न उघडता सगळे तो शेजाऱ्याला देत जातात. ज्याला हातातला चाकू ठेवावासा वाटेल त्यानं "बस" म्हणायचं, मग सगळ्या मुठी उघडतात आणि ज्याच्या हातात जो असेल तो त्याचा.

वेंडेलच्या शेजारी एस्टिल. एस्टिलच्या शेजारी जॅनेल.

मी वेंडेलच्या मुठीतून निघालो आणि एस्टिलच्या मुठीत पडलो. अंगठा चिकटपट्टीवर आला आणि गोंधळला. पण चार बोटं दुसऱ्या बाजूला होती, हाडावर, त्याच खाचांवर. बोटं थांबली. मित्रांनो, ती थांबली! सगळं रिंगण अडलं.

"अरे सरकव की पुढे, झोपलास का?" कुणीतरी ओरडलं.

एक शब्द पुरला असता. बस. मी मनात तोच घोकत होतो, म्हण, म्हण, म्हण ना रे. पण बस म्हटलं की मूठ उघडावी लागणार, आणि शेजारी जॅनेल. त्यानं मला पटकन तिच्या मुठीत सरकवलं, एखादा निखारा द्यावा तसं. तीही पुढे देईल, मी निघून जाईन, एवढीच त्याची आशा.

जॅनेलचा अंगठा पितळी टोपीवर पडला. दोन अक्षरांवरून सावकाश फिरला.

"बस," ती म्हणाली.

सगळ्या मुठी उघडल्या.

"ओढा खोल होता ना, डॅडी?"

"जॅनेल, घरी गेल्यावर सांगतो—"

"आत्ता तुझ्या हातात होता. आत्ता."

"चिकटपट्टी होती गं. ओळखूच आला नाही."

"या बाजूला हाड आहे."

"चूक माझी आहे, मी मशीनमध्ये—" वेंडेल म्हणायला लागला.

"तू गप्प बस, वेंडेल. तू निदान ओढ्यात नाही टाकलास."

तिनं केकचं भांडं उचललं, एक तुकडाही कापला नव्हता, आणि निघून गेली. तिथून ती मला ओकलीकडे घेऊन गेली. त्यानं गंज काढला, तेल घातलं, नवी पट्टी कुठल्या हाडाची करायची म्हणून तुकडे मांडायला लागला. ती म्हणाली, "नको, काका. राहू दे अशीच."

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्कीच्या तंगड्या बांधलेली दोरी कापायची होती. एस्टिलचा हात सवयीनं उजव्या खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.

"जॅनेल, जरा चाकू देतेस?"

तिनं मला काढलं, लांब पातं उघडलं, दोरी स्वतःच कापली, ॲप्रनला पुसलं आणि आपल्या उजव्या खिशात ठेवून दिलं.

"धार छान आहे अजून," तो म्हणाला. जॅनेल टर्कीकडे वळली. आणि तुम्हाला सांगतो, मला उत्तर देता आलं असतं तरी दिलं नसतं.

तर मित्रांनो, हाडाच्या दांड्याचा चाकू कधी भांड्यांच्या मशीनमध्ये टाकू नका. सांध्यात तेलाचा थेंब घाला, पुसून कोरडा ठेवा. आणि कधी तुमच्या जुन्या चाकूचा कंटाळा आला, तर तोही गुन्हा नाही, कंटाळा येतो माणसाला. पण त्याला तळहातावर ठेवा, उजेडात एकदा नीट बघा, आणि मग कुणालाही द्या. फक्त बंद मुठीतून देऊ नका.